दुधाचे दात ते पहिली पक्की दाढ: लहान मुलं असलेल्या घरासाठी दातांचा वाटाड्या

“दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत, कशाला एवढा खर्च?” हे वाक्य मी सासरी ऐकलंय, माहेरी ऐकलंय आणि दंत महाविद्यालयाच्या बाकावर बसलेल्या अनोळखी आजींकडूनही ऐकलंय. पुढचे पटाशीचे दात सहा-सात वर्षांचं मूल असताना पडतात हे खरं. पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. चौथ्या वर्षी किडलेली दाढ म्हणजे पुढची सहा-सात वर्षं त्याच दाढेवर पोळी चावायची आहे, असा हिशोब करा.

आमच्या थोरल्याच्या दाढांचे उपचार आणि धाकटीची सुरुवातीपासूनची काळजी अशा दोन्ही बाजू पाहून झाल्यावर, नव्या आईबाबांना एका जागी हवी असलेली माहिती इथे क्रमाने लिहिते आहे.

१. आधी वेळापत्रक समजून घ्या

पहिला दात बहुधा खालचा, मधला, सहाव्या महिन्याच्या आसपास येतो. शेजारच्या बाळाला पाचव्या महिन्यात आला आणि तुमच्याकडे वर्ष झालं तरी हिरड्या रिकाम्या, तर लगेच घाबरू नका. दीड वर्षापर्यंत एकही दात दिसला नाही तर मात्र दाखवून या. अडीच-तीन वर्षांपर्यंत वीस दुधाचे दात पूर्ण होतात. सहाव्या वर्षापासून पक्के दात यायला लागतात आणि बारा-तेरा वर्षांपर्यंत अक्कलदाढा सोडून अठ्ठावीस दात तोंडात असतात.

दात येताना लाळ गळते, मूल चिडचिड करतं, हाताला लागेल ते चावतं. जोराचा ताप आणि पातळ जुलाब मात्र “दात येतायत” म्हणून अंगावर काढू नका. त्याचं कारण वेगळं असू शकतं, ते बालरोगतज्ज्ञांनी बघायला हवं. हिरडी बधिर करणारी जेलं दोन वर्षांखालच्या बाळाला आपल्या मनाने लावायची नाहीत. थंड, ओला, स्वच्छ कपडा चावायला दिला तरी पुष्कळ काम होतं. गुटी मधात उगाळून चाटवायची पद्धत घरात असेल तर बाळ वर्षाचं होईपर्यंत मध पूर्ण बंद. त्याचं कारण दातांपेक्षा मोठं आहे: मधातल्या जिवाणूंमुळे तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

२. सामान जमवा

फार काही लागत नाही.

– मऊ केसांचा, छोट्या डोक्याचा ब्रश. केस बाहेर वळले की नवा घ्यायचा, मग तीन महिने झालेले असोत वा नसोत.
– फ्लोराइड असलेली पेस्ट.
– दात यायच्या आधी हिरड्या पुसायला मलमलचा धुतलेला तुकडा.
– छोटी टॉर्च. मोबाइलची चालते, पण मूल मोबाइलच मागत बसतं.
– दात एकमेकांना चिकटले असतील तर फ्लॉस, म्हणजे दोन दातांच्या मधून फिरवायचा बारीक दोरा.

पेस्टच्या बाबतीत जरा थांबून डबीच्या मागचं वाचा. कार्टूनचं चित्र असलेल्या सगळ्या पेस्ट सारख्या नसतात. काहींत फ्लोराइड अजिबात नसतं, काहींत अगदी कमी असतं. आपल्याकडच्या साध्या फ्लोराइडच्या पेस्टमध्ये ते १००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १००० भाग) आसपास असतं आणि कीड रोखायला तेवढं लागतं. प्रमाण असं: तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर नागमोडी पेस्ट दाखवतात, तसं कोणालाच लागत नाही.

एक अपवाद नीट लक्षात घ्या. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांच्या काही भागांत जमिनीतल्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ते ठीक मानतात. त्याहून बरंच जास्त वर्षानुवर्षं पोटात गेलं तर पक्क्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग उमटतात. घरी बोअरचं पाणी पीत असाल तर ग्रामपंचायतीकडे पाणी तपासल्याचा अहवाल मागा आणि तो दाखवूनच मुलाच्या पेस्टबद्दल दंतवैद्यांना विचारा.

राखुंडी, कोळशाची पूड, खरखरीत लाल मंजन हे मुलांच्या दातांवर नको. दुधाच्या दाताचं वरचं कवच पातळ असतं, ते घासून जातं. आणि मशेरीबद्दल स्पष्टच सांगते. तंबाखू घातलेल्या दंतमंजनांवर सरकारने १९९२ मध्येच बंदी आणली, पण तव्यावर भाजलेली मशेरी अजून कित्येक घरांत आहे. आजी मशेरी लावताना नात शेजारी बसून बोट पुढे करते आणि सगळे हसतात. तिथे हसू नका, डबी उचलून वर ठेवा.

३. रात्रीचा ब्रश मोठ्यांनीच करायचा

सकाळचा ब्रश घाईत झाला तरी चालेल, रात्रीचा चुकवू नका. झोपेत लाळ कमी होते, त्यामुळे दातांवर राहिलेलं खाणं धुतलं जात नाही आणि जिवाणूंना अख्खी रात्र मोकळी मिळते.

मूल “मी माझं करतो” म्हणेल. करू द्या. मग “आता माझी पाळी” म्हणून तुम्ही करा. सात-आठ वर्षांपर्यंत हे सोडायचं नाही. बुटाची नाडी स्वतः नीट बांधता येत नाही तोवर मागच्या दाढेपर्यंत ब्रश फिरवण्याइतका हात बसलेला नसतो, असं समजा.

बसायची पद्धत महत्त्वाची. बेसिनसमोर उभं करून समोरून ब्रश घातला की आपल्याला फक्त पुढचे चार दात दिसतात. त्यापेक्षा पलंगावर मांडी घालून बसा, मुलाचं डोकं मांडीवर, तोंड वर. डाव्या हाताच्या तर्जनीने गाल बाहेर ओढा. आता वरच्या शेवटच्या दाढेचा बाहेरचा भाग दिसेल. पोळी, बिस्किटाचा लगदा नेमका तिथेच गालाच्या खोबणीत अडकलेला असतो. हिरडी आणि दात जिथे भेटतात त्या रेषेवर ब्रश तिरपा धरून छोटे गोल फिरवा. खालच्या दातांची जिभेकडची बाजू शेवटी, कारण तिथे मूल ओकारी काढतं आणि खेळ तिथेच संपतो. सगळं मिळून दोन मिनिटं.

नंतर पेस्ट थुंकायची, पण खळखळून चुळा भरायच्या नाहीत. आपल्या पिढीला हे विचित्र वाटतं. पण चुळा भरल्या की दातांवर राहायला हवं असलेलं फ्लोराइडही वाहून जातं. अगदी लहान बाळाला थुंकता येत नाही, म्हणूनच त्याला तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट.

रडारड होणारच. मूल रडताना तोंड उघडं असतं, तेवढ्यात दाढा घासून घ्या. निर्दय वाटेल, पण पंधरा दिवसांत बहुतेक मुलं सरावतात.

४. ब्रशनंतर फक्त पाणी

लहान मुलांच्या किडीचं आपल्या घरांतलं मोठं कारण चॉकलेट असतं असं सगळ्यांना वाटतं. मला दंत महाविद्यालयात दिसलेल्या बऱ्याच मुलांच्या बाबतीत डॉक्टरांचा पहिला प्रश्न वेगळाच होता: “रात्री बाटली घेऊन झोपतो का?”

बाटली तोंडात ठेवून झोपलेल्या बाळाच्या वरच्या पुढच्या दातांभोवती दूध साचून राहतं. दुधात साखर किंवा चॉकलेटची पूड घातलेली असेल तर बघायलाच नको. जीभ खालचे दात झाकून ठेवते, म्हणून खालचे चांगले आणि वरचे चार तपकिरी, असं चित्र दिसलं की जाणकार लगेच ओळखतात.

बाटली एका रात्रीत सुटत नाही. दुधात रोज थोडं पाणी वाढवत नेऊन शेवटी नुसतं पाणी, हा उपाय आमच्याकडे चालला. वर्षाच्या आसपास कप किंवा फुलपात्र सुरू करा. अंगावरचं दूध चालू असेल तर ते बंद करा असं मी म्हणत नाही. पण दात आल्यावर बाळ रात्रभर स्तन तोंडात ठेवूनच झोपत असेल तर झोप लागल्यावर हळूच सोडवा आणि ओल्या मलमलने दात पुसा.

दोन गोष्टी इथे हमखास निसटतात. एक, खोकल्याची आणि तापाची गोड औषधं. रात्री ब्रश झाल्यावर सिरप दिलं तर पाणी प्यायला द्या, जमलं तर दात पुन्हा पुसा. दुसरी, “शक्तीसाठी” दुधात घालायच्या पुडी. डब्यावर साखरेचा आकडा वाचा आणि ते दूध संध्याकाळी द्या, झोपताना नको.

५. खाऊ: किती यापेक्षा किती वेळा

तोंडात गोड किंवा पिठूळ काही गेलं की जिवाणू आम्ल तयार करतात आणि पुढचा सुमारे अर्धा तास दाताचं कवच मऊ पडतं. मग लाळ ते हळूहळू भरून काढते. पेढा जेवणाबरोबर एकदाच खाल्ला तर लाळेला सवड मिळते. एकेक गोळी दुपारभर चघळली तर मिळत नाही. म्हणून ग्लुकोजची बिस्किटं, वेफर्स, चिकटून बसणारी चिक्की आणि जेली दर तासाला हातात देणं हे दिवाळीच्या फराळाहून वाईट. गूळ “नैसर्गिक” असला तरी दाताच्या दृष्टीने साखरच. खजूर, मनुका दातांना चिकटतात, वर पाणी प्यायला लावा.

बोरन्हाणात हल्ली गोळ्या-चॉकलेटांचा पाऊस पाडायची टूम निघाली आहे. बोरं, उसाचे करवे, शेंगा, चुरमुरे हा जुना ऐवज त्यापेक्षा शंभरपट बरा, फक्त अगदी लहानांच्या घशात अडकणार नाही हे बघा.

मधल्या वेळेला काकडी, गाजर, फुटाणे, पनीर, उकडलेलं अंडं, ताक. आणि पाणी.

६. महिन्यातून एकदा ओठ उचलून बघा

महिन्याची एक तारीख ठरवा. मुलाला खिडकीजवळ घ्या, वरचा ओठ बोटाने नाकाकडे उचला आणि हिरडीला लागून दाताकडे बघा. दात कापडाने पुसून कोरडा करा, ओल्या दातावर सुरुवातीची कीड दिसतच नाही. हिरडीलगत खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसली तर ती कीड सुरू झाल्याची खूण. या टप्प्यावर सिमेंट भरावं लागत नाही. खाण्यापिण्यात बदल, नीट ब्रश आणि दवाखान्यात लावलेलं फ्लोराइड वार्निश (दातावरचा फ्लोराइडचा लेप) यांनी ती थांबू शकते. तपकिरी झाली, खड्डा पडला की मग घरचा उपाय उरत नाही.

आणखी काय बघायचं: दाढेच्या वरच्या खाचेत काळा ठिपका, दोन दाढांच्या मधे करडी सावली, हिरडीवर पुळी. पुळीतून पू येऊन गेला की दुखणं थांबतं आणि घरचे “बरं झालं” म्हणतात. बरं झालेलं नसतं, मुळाशी पू तसाच असतो.

७. कोणाकडे जायचं, काय घेऊन जायचं

पहिली भेट पहिल्या वाढदिवसाच्या आत. त्या भेटीत बहुधा काहीच करत नाहीत, बघतात आणि सांगतात. मुलाची खुर्चीशी ओळख दुखत नसताना व्हावी, एवढाच हेतू. पुढे सहा-सहा महिन्यांनी.

साध्या तपासणीला बीडीएस (दंतवैद्यकाची पदवी) झालेले जवळचे दंतवैद्य चालतात. मूल फार लहान असेल, बऱ्याच दाढा किडल्या असतील किंवा मूल हात लावू देत नसेल तर बालदंतरोगात एमडीएस (त्यापुढची पदव्युत्तर पदवी) केलेले डॉक्टर शोधा. पाटीवर राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, तो बघा. आठवडी बाजारात रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातून “किडे” काढून दाखवणारे अजून बसतात. दातात तसा किडा नसतो, जे दाखवतात तो हातचलाखीचा भाग.

खासगी खर्च झेपत नसेल तर सरकारी दंत महाविद्यालयं आहेत: मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात, नागपूरला, छत्रपती संभाजीनगरला. मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत रुग्णालय आहे. गोव्यात सरकारी दंत महाविद्यालय बांबोळीला आहे. इतर अनेक शहरांत खासगी दंत महाविद्यालयांतही दर दवाखान्यापेक्षा कमी असतात. तिथे विद्यार्थी डॉक्टर उपचार करतात आणि शिक्षक प्रत्येक टप्प्यावर येऊन बघतात, त्यामुळे वेळ लागतो. पण काम घाईत उरकलं जात नाही, हा माझा अनुभव.

क्रम साधारण असा. सकाळी नोंदणीच्या खिडकीवर केसपेपर काढा. आधी तपासणी विभागात बघतात, लागला तर एक्स-रे, मग बालदंतरोग विभागात पाठवतात. सरळ त्या विभागासमोर जाऊन बसलात तर केसपेपरसाठी परत खाली पाठवतील. शाळांच्या सुट्टीत गर्दी वाढते. सलग भेटी लागणार असतील तर पहिल्याच दिवशी पुढच्या तारखा लिहून घ्या.

सरकारी शाळा आणि अंगणवाडीतल्या मुलांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, त्यांच्या तपासणीत दातही असतात. त्यांनी पुढे पाठवायची चिठ्ठी दिली तर ती दप्तरात हरवू देऊ नका.

सोबत न्यायचं:
– मुलाचं आणि तुमचं आधार कार्ड, आधीचा केसपेपर, आधीचे एक्स-रे.
– लसीकरणाचं कार्ड आणि अलीकडचं वजन. भूल आणि औषधाचं प्रमाण वजनावर ठरतं.
– चालू औषधांची यादी. हृदयाला छिद्र, दमा, फिट्स, रक्त न थांबण्याचा त्रास, औषधाची ॲलर्जी यांतलं काही असेल तर विचारायची वाट न बघता आधी सांगा. हृदयाच्या काही आजारांत दाताच्या उपचाराआधी प्रतिजैविक द्यावं लागतं.
– पाण्याची बाटली, एक जादा शर्ट, आवडतं खेळणं.

८. खुर्चीवर आणि नंतर

शक्यतो सकाळची वेळ घ्या, मूल ताजं असताना. हलकं खाऊ घालून न्या. पूर्ण भूल देणार असतील तर उपाशी ठेवायच्या सूचना वेगळ्या असतात, त्या तंतोतंत पाळा.

“डॉक्टर टुच्चूक करतील हं” अशी धमकी घरी आयुष्यात द्यायची नाही. “अजिबात दुखणार नाही” असंही सांगू नका, मूल पुन्हा विश्वास ठेवत नाही. “डॉक्टर दात मोजतील, पाण्याचा फवारा मारतील” एवढं पुरे. डॉक्टर बोलत असताना आपण, आजी आणि काका असे तिघांनी मधे मधे धीर देऊ नये. एकाच माणसाचा आवाज मुलाला ऐकू यावा.

मोठ्या खड्ड्यासाठी “दुधाच्या दाढेची रूट कॅनाल करून स्टीलची टोपी बसवू” असं सांगितलं तर ते फसवणूक म्हणून झटकून टाकू नका. दाढ अकाली काढली तर मागून येणारी पक्की दाढ पुढे सरकते आणि खालच्या दाताची वाट अडते. मग पुढे तारा लावायचा खर्च. दाढ काढावीच लागली तर जागा राखणारी तार बसवायची का, हे विचाराच. पण प्रश्नही विचारा: हा दात आणखी किती वर्षं राहणार आहे? एक्स-रेमध्ये काय दिसतंय ते दाखवाल का? किती भेटी, एकूण किती खर्च? दात पुढच्या काही महिन्यांत पडणारच असेल तर उत्तर वेगळं येऊ शकतं. बहुतेक आरोग्य विम्यांत असे दाताचे उपचार धरत नाहीत, तेव्हा पैशाचा अंदाज आधी घ्या.

कीड थांबवायला लावायचं चांदीचं एक औषध असतं. त्याने किडलेला भाग कायमचा काळा पडतो. लहान, घाबरट मुलाला सुई-ड्रिलशिवाय सुटका मिळते, पण पुढच्या दाताला लावायचं असेल तर रंगाबद्दल आधी समजून घ्या.

बधिर करायचं इंजेक्शन दिल्यावर ओठ दोन-तीन तास जड राहतो. मुलाला ती गंमत वाटते, ते ओठ चावत बसतं. दुसऱ्या दिवशी ओठ टम्म सुजतो, आत पांढरा थर दिसतो आणि घरचे पू झाला म्हणून घाबरतात. म्हणून बधिरपणा जाईपर्यंत चावून खायचं काही नाही आणि मुलावरून नजर हलवायची नाही.

रात्री ठणका लागला आणि दवाखाना बंद असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन मुलांना नाही, आणि कुठलीच गोळी हिरडीत दाबून ठेवायची नाही. लवंगेचं तेल कोवळ्या हिरडीला पोळतं. गाल सुजून डोळ्यापर्यंत गेला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा.

९. सहाव्या वर्षी मागे काय उगवतंय ते बघा

पहिली पक्की दाढ सहा वर्षांच्या सुमाराला शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे येते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, त्यामुळे घरात कोणाला पत्ताच लागत नाही. ती दुधाचीच समजून सोडली जाते आणि आठव्या-नवव्या वर्षी किडलेली सापडते. ही दाढ आयुष्यभराची. ती पूर्ण वर आली की खाचांत सीलंट, म्हणजे खाच बुजवणारा पातळ लेप, भरून घ्या. सुई नाही, ड्रिल नाही, थोडक्यात आटपतं.

याच वयात खालचे नवे दात कधी कधी दुधाच्या दातांच्या मागे, जिभेच्या बाजूला उगवतात. दोन रांगा बघून धसका बसतो. दुधाचा दात हलत असेल तर मुलाला तो जिभेने हलवू द्या, हलतच नसेल तर दाखवून या. नवे पटाशीचे दात पिवळसर दिसतात, कडेला कंगोरे असतात, वरच्या दोघांत फट असते. हे बहुतेकदा आपोआप सुधारतं, कंगोरे झिजतात, सुळे आल्यावर फट कमी होते. तारांच्या दृष्टीने एकदा सातव्या वर्षी तपासून घ्या. मूल तोंडाने श्वास घेत झोपत असेल, घोरत असेल किंवा चार वर्षांनंतरही अंगठा चोखत असेल तर तेव्हाच सांगा.

१०. पडून दात निखळला तर

दुधाचा दात असेल तर परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताच्या कळीला धक्का लागतो. स्वच्छ कपडा दाबून रक्त थांबवा आणि दाखवा.

पक्का दात असेल तर घड्याळ सुरू झालं. दात शोधा, चावायच्या बाजूने धरा, मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर थंड दुधात किंवा नळाच्या धारेखाली काही सेकंद विसळा, घासू नका. मूल शांत असेल तर त्याच खाचेत बसवून स्वच्छ रुमाल चावायला द्या. जमत नसेल तर दात थंड दुधाच्या पेल्यात टाका. कोरड्या रुमालात गुंडाळून किंवा साध्या पाण्यात बुडवून नेऊ नका. अर्ध्या तासात दंतवैद्याकडे पोहोचलात तर दात वाचायची शक्यता चांगली. निघतानाच फोन करून “पक्का दात निखळलाय” असं सांगा, म्हणजे ते तयारीत राहतात. मूल बेशुद्ध झालं असेल, उलट्या करत असेल तर आधी डोक्याची तपासणी, दात नंतर. जखमेत माती गेली असेल तर धनुर्वाताच्या लसीचं विचारून घ्या, लसीकरणाचं कार्ड तिथे लागेल.